उलटं बांधलेलं शिंग

मी एक जुना, काजळीच्या रंगाचा रेनडिअर आहे. नाव नोकी. वय तेरा, म्हणजे आमच्या कळपात पिकलं पानच म्हणायचं. मित्रांनो, माझी कहाणी सांगायला मी उभा राहिलोय खरा, पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझा कोणावर म्हणून कोणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही इतके शहाण्यासारखे गप्प बसून ऐकताय, त्यामागे काहीतरी असणारच.

हा संशय मला उगाच नाही चिकटला. लॅपलंडच्या उत्तरेला, सूर्य मावळायचं नाव घेत नाही त्या दिवसांत, मी दोन महिन्यांचं पाडस होतो. आईच्या मागे मजेत धावत होतो. तेवढ्यात गळ्यात फास पडला. एका दांडग्या माणसाने मला गुडघ्याखाली दाबलं आणि चाकूने माझे कान कातरले. डाव्या कानाच्या टोकाला एक खाच आणि उजव्याच्या मागच्या कडेला दोन. ही त्याच्या घराण्याची खूण. हजार जनावरांत मी हरवलो तरी कान पाहून कोणीही सांगेल, हा आल्पोचा. तो दांडगा माणूस म्हणजेच आल्पो. कान कापून झाल्यावर त्याने माझं नाक थोपटलं. आधी कापायचं आणि वर लाड करायचे! या माणसापासून जपून राहायचं, अशी खूणगाठ मी तेव्हाच मनाशी बांधली.

पुढे मला खच्ची करून कामाला लावलं. तीन हिवाळे शिकण्यात गेले. म्होरकी घालून घेणं, कासऱ्याला मान देणं, मागे बर्फावरची ओढगाडी, म्हणजे स्लेज, असताना न उधळणं. पहिल्या वर्षी मी दोन स्लेज मोडल्या आणि एकदा आल्पोला काटेरी झुडपात नेऊन टाकलं. तो उठला, टोपी झटकली आणि हसत म्हणाला, "डोकं आहे लेकाला." मी विचार केला, हा हसतोय म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय.

मग मी रांगेत पहिला झालो, आणि दहा हिवाळे पहिलाच राहिलो. आमचं काम सोपं. नाताळच्या दिवसांत पाहुणे सकाळच्या बसने आल्पोच्या अंगणात येतात. दूरदूरचे असतात, थंडीने नाकं लाल झालेली असतात. आल्पो त्यांना कातडी अंथरलेल्या स्लेजमध्ये जोडीजोडीने बसवतो. पुढे मी, माझ्या स्लेजला दुसरा रेनडिअर बांधलेला, त्याच्या स्लेजला तिसरा, अशी सहांची रांग. आल्पो माझा कासरा धरून पायी चालतो. आधी जंगल, मग गोठलेलं सरोवर. सरोवराच्या पलीकडे नाताळ आजोबांचं गाव. तिथे पत्रांचं पोस्ट आहे, दिव्यांची झाडं आहेत, आणि ओढगाडीची ती कुत्री आहेत. कुत्र्यांबद्दल मी बोलत नाही. दिवसभर ओरडणाऱ्याच्या मनात काय असतं ते देवच जाणे. पाहुणे जेवतात, आजोबांना भेटतात, आमच्याबरोबर फोटो काढतात आणि उजेड सरायच्या आत आम्ही त्यांना परत आणतो.

या रस्त्यात एकच जागा वाईट आहे. सरोवराला एक ओढा मिळतो. त्याचं पाणी खालून वाहतं राहतं, त्यामुळे तिथला बर्फ कधी जाड होतच नाही. वरून दिसतो मात्र तसाच, पांढरा आणि साळसूद. म्हणून आमची वाट तिथे मोठा वळसा घेते आणि वळशावर झाडाच्या फांद्या रोवलेल्या असतात. माझ्या खुरांना तो बर्फ लांबूनच कळतो. त्याचा आवाज पोकळ येतो. आल्पो पाहुण्यांना सांगायचा, "हा नोकी माणसांवर तर सोडाच, बर्फावरही विश्वास ठेवत नाही. म्हणून तर याला पुढे ठेवलाय." पाहुणे हसायचे आणि मला पांढरं शेवाळ भरवायचे. मी आधी हुंगून घ्यायचो, मग खायचो.

आता शिंगांबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यापायी घडलं. आमच्यातल्या नरांची शिंगं नाताळच्या आधीच गळतात. खच्ची केलेल्यांची वसंतापर्यंत टिकतात. म्हणूनच नाताळच्या स्लेज आम्ही ओढतो. बोडक्या डोक्याच्या रेनडिअरबरोबर फोटो कोण काढणार? पाहुण्यांचं सगळं काम आल्पोची मुलगी साइमी बघते. लग्नानंतर ती सरोवरापलीकडे, त्या गावातच राहते. तिचा नियम ठरलेला. ज्याची शिंगं हंगामात गळली, त्याने रांगेतून बाजूला व्हायचं. तरुण असेल तर पुढच्या वर्षी बघू. म्हातारा असेल तर जानेवारीत ट्रक येतोच. त्या ट्रकमधून कोणी परत आलेलं मी पाहिलेलं नाही. मात्र त्यानंतर साइमीच्या जेवणघरात बटाट्याच्या लगद्यावर काय वाढतात, त्याचा वास मी ओळखतो.

तर मित्रांनो, यंदाच्या हिवाळ्यात आल्पोची लक्षणं मला ठीक दिसेनात.

एक म्हणजे तो रोज सकाळी माझा कान चाचपायला लागला. आधी डावा, मग उजवा. खाचांवरून बोट फिरवायचा, सावकाश. बारा वर्षं जी खूण लांबून बघून कळत होती, ती आता हात लावून कशाला बघायची? विकायच्या आधी खात्री करून घेतात तशी? मग तो हात मानेवरून पाठीवर न्यायचा, पाठीवरून बरगड्यांवर. अंगावर मांस किती चढलंय ते बघत असणार, दुसरं काय! वर शेवाळाची एक मूठ जास्तच टाकायचा. "खा रे म्हाताऱ्या, तुझी गरज आहे मला," म्हणायचा. गरज! कशासाठी गरज, ते नव्हता सांगत.

दुसरं म्हणजे त्याचं वागणं. थर्मासातली कॉफी कपात कमी आणि हातमोज्यावर जास्त. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. सरोवरावर पोचलो की कासरा पार सैल सोडायचा आणि माझ्या मानेवर हात ठेवून चालायचा. एवढी सलगी कधीपासून? एकदा तर गावच्या फाटकापाशी नाताळ आजोबांचा लाकडी पुतळा आहे, त्याच्यासमोर थांबून हा म्हणाला, "काय वेइक्को, आज लवकर बाहेर?"

वेइक्को म्हणजे नाताळ आजोबांचं सोंग घेणारा, पूर्वीचा बसचालक. तो मागून येत होता. खो खो हसत म्हणाला, "अरे, तो लाकडाचा आहे! मी इकडे. माझ्यापेक्षा तोच देखणा वाटला का रे तुला?"

आल्पोही हसला. "तो निदान कमी बोलतो," म्हणाला. सगळ्यांना वाटलं, थट्टा केली. मला वाटलं, सकाळी सकाळी पिऊन आलाय. आणि पिणारा माणूस जुन्या जनावराची किंमत कशी ठेवणार?

मग तो दिवस आला. डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. पहाटे मी खुंटाला डोकं घासत होतो आणि काड्कन आवाज झाला. डोक्याची डावी बाजू एकदम हलकी झाली. खाली पाहतो तर माझं डावं शिंग बर्फात पडलेलं. वय झालं की असं होतं. जानेवारीचा ट्रक मला अगदी समोर उभा दिसला.

आल्पो आला. नेहमीसारखा कान चाचपला, मग हात वर गेला आणि जागच्या जागी थांबला. "अरे देवा," तो म्हणाला. गुडघ्यावर बसून त्याने दोन्ही हातांनी बर्फ चाळला. शिंग अगदी समोर पडलं होतं, तरी त्याला सापडायला केवढा वेळ लागला! सापडल्यावर ते त्याने कोटाखाली लपवलं आणि इकडेतिकडे बघितलं. पडलेली शिंगं आमच्याकडे भिंतीशी ढिगात टाकतात, सुऱ्यांच्या मुठी करायला. लपवून कोणी नेत नाही. माझी खात्रीच पटली. आपलं काहीतरी ठरलंय आणि ते साइमीलाही कळू द्यायचं नाहीये.

थोड्या वेळाने तो कातड्याची एक वाटी घेऊन आला. घाईघाईने तासाभरात शिवलेली, टाके वेडेवाकडे. त्यात शिंग खोचलं, वाटी माझ्या म्होरकीला चामड्याच्या वादीने आवळली आणि वरून लाल लोकरीचे गोंडे सोडले. "हलू नकोस," तो कानात पुटपुटला. "आजचा दिवस निभावून ने. तुला बाजूला काढलं तर माझंही संपलं बघ." मी त्याच्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही. वादीने कानामागे खाजत होतं आणि फास आवळताना पहिल्यांदा असंच वाटतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

बस आली. पहिल्या स्लेजमध्ये एक गोलमटोल आजीबाई आणि तिची सहासात वर्षांची नात बसली. जंगल ओलांडेपर्यंत नातीची नजर माझ्या डोक्यावरून हलली नाही.

"आजी, याचं शिंग हलतंय."

"म्हातारा झाला असेल बिचारा. माझे दात नाही का हलत?"

आल्पोची पाठ ताठ झाली, पण तो मागे वळला नाही. सरोवर आलं. त्याने माझ्या मानेवर हात ठेवला. ओढ्याच्या तोंडाशी मी नेहमीसारखा वळसा घेतला आणि तो माझ्या बरोबरीने मुकाट वळला. पलीकडच्या काठावर पोचेपर्यंत खाजेने माझा जीव नकोसा झाला होता.

गावात वेइक्को दाढी सावरत फोटोला उभा राहिला. मी त्याच्या शेजारी. साइमी जेवणघराच्या दारातून पाहुण्यांना हाका मारत होती. आणि मला ती खाज सोसेना. मी डोकं एकदा झटकलं, दोनदा झटकलं. शिंग कलंडून वेइक्कोच्या खांद्यावर टेकलं.

"ए, मला शिंग मारतोयस की मिठी?" वेइक्को ओरडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साइमी मात्र हसली नाही. ती पायऱ्या उतरून सरळ माझ्यापाशी आली आणि तिने गोंडे बाजूला केले.

"बाबा, हे कोणी बांधलं?"

"मी." आल्पोने मान वर केली नाही. "दोन आठवडे काढू दे त्याला, साइमी. नाताळ झाला की बघू."

"ते नंतर. हे उलटं आहे."

आल्पोचा हात शिंगाकडे गेला.

मित्रांनो, आमच्या शिंगाचा सर्वांत खालचा फाटा पुढे, नाकाकडे झुकलेला असतो. माझा शेपटीकडे गेला होता. पाहुण्यांपैकी कोणाला पत्ता लागला नव्हता. पण रेनडिअर राखणाऱ्या माणसाला शिंग म्हणजे चेहरा. आल्पो पन्नास वर्षं कळपातल्या प्रत्येकाला नुसत्या शिंगांवरून नावाने हाक मारत आला होता. त्याने शिंग उलटं बांधावं, हे म्हणजे तुम्ही आपल्याच माणसाच्या पाठीला चेहरा समजून बोलण्यासारखं झालं.

"थंडीने बोटं बधिर झाली होती," आल्पो म्हणाला.

साइमीने तिचा हातमोजा काढून त्याच्यासमोर धरला. "कुठला रंग?"

"काय पोरखेळ लावलायस?"

"बाबा, रंग सांगा."

त्याने मान तिरकी करून मोज्याकडे कडेच्या नजरेने बघितलं. मग हळूच म्हणाला, "कडेचं दिसतं गं थोडं. मधलं सगळं धुकं. ऑक्टोबरपासून."

साइमीचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. "ऑक्टोबरपासून? आणि रोज बारा माणसं घेऊन सरोवर ओलांडताय? त्यात लहान मुलं! कोणाच्या भरवशावर?"

आल्पोने माझ्याकडे बोट केलं. म्हणजे, माझ्या जरा डावीकडे केलं. "याच्या," तो म्हणाला. "मी फक्त कासरा धरायचो. तुझ्या नियमाने हा बाजूला गेला असता तर दुसऱ्या दिवशी मीही गेलो असतो. घरात बसून काय करू, सांग?"

तेव्हा कुठे मला उमगलं. तो कान चाचपायचा, कारण त्याला खाचा दिसत नव्हत्या आणि मीच तो नोकी, हे त्याला बोटांनी वाचावं लागत होतं. पाठीवरचा हात पट्टा कुठे बसवायचा ते शोधत होता. मानेवरचा हात आधाराला होता. आणि मी? मी त्याच्या मुठीतलं शेवाळसुद्धा हुंगून खात होतो. लाज वाटली, खरंच सांगतो. त्याने माझ्यासाठी टाके घातले आणि मी डोकं झटकून त्याचंच बिंग फोडलं.

साइमीने वादी सोडली, शिंग काढून आपल्या पिशवीत टाकलं. "परत जाताना कासरा मी धरणार," ती म्हणाली. "तुम्ही स्लेजमध्ये बसायचं. एक शब्द बोलायचा नाही." आल्पो आजीबाई आणि नातीशेजारी अंग चोरून बसला. दहा हिवाळ्यांत तो स्लेजमध्ये बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

दुपारचे दोन वाजले होते, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यात दिवस संपत आलेला. तेवढ्यात निळसर अंधारून आलं आणि भुरभुर बर्फ सुरू झाला. वाऱ्याने वळशावरच्या फांद्या आडव्या केल्या होत्या, वरून बर्फ बसला होता. साइमी रागाने झपझप चालत होती. पलीकडे आमच्या अंगणातला दिवा दिसत होता, तिने सरळ तोच धरला. चार पावलं, दहा पावलं. आणि माझ्या पुढच्या खुराखाली तो पोकळ आवाज आला.

मी थांबलो. चारी पाय रोवून थांबलो.

"चल!" तिने कासरा ओढला. मी हललो नाही. तिने पुन्हा ओढला. "चल ना रे! आधीच उशीर झालाय. बापासारखाच हट्टी आहे मेला."

खरं सांगू? त्या क्षणी मला पुढे जायचा मोह झाला. ही बाई आता माझी मालकीण, ट्रक हिच्याच हातात. ऐकलं तर कदाचित वाचेन. पण मागे ती नात आजीला विचारत होती, आपण का थांबलो? मी पाय आणखी घट्ट रोवले.

"साइमी," स्लेजमधून आल्पो म्हणाला, "बोलायचं नाही म्हणालीस, पण बोलतो. कासरा सैल सोड. हा थांबला की आपण थांबायचं, एवढंच मला येतं."

साइमीने सुस्कारा टाकला, हातातली लोखंडी टोकाची काठी उचलली आणि माझ्या पुढ्यातल्या बर्फावर आपटली. काठी हातभर आत गेली. भोकातून काळं पाणी वर आलं आणि तिच्या बुटाभोवती पसरलं.

ती एक पाऊल मागे आली, मग दुसरं. माझ्यापाशी पोचल्यावर तिने कासरा पार सैल सोडला आणि माझ्या मानेवर हात ठेवला, अगदी तिच्या बापासारखा. मी डावीकडे वळसा घेतला. मागे पाच रेनडिअर, सहा स्लेज, बारा पाहुणे आणि एक म्हातारा.

अंगणात पोचल्यावर नातीने मला शेवाळ दिलं. मी न हुंगता खाल्लं.

माझं उजवं शिंगही नाताळच्या चार दिवस आधी गळलं. तरी मी पुढेच चाललो, बोडक्या डोक्याने. पाहुणे विचारायचे, याला शिंगं का नाहीत? वेइक्को टोपी काढून आपलं टक्कल दाखवायचा. "नाताळ आजोबांना चालतं, मग त्यांच्या रेनडिअरला का नको?" माझ्याबरोबर फोटो कमी झाले, नाही असं नाही. साइमीने त्याबद्दल तोंडातून ब्र काढला नाही. जानेवारीत ट्रक आला. मी तीन दिवस झोपलो नाही. तो माझ्याशिवाय गेला. पुढच्या वर्षीचं मला माहीत नाही, आणि मी कोणाला विचारतही नाही.

डॉक्टर म्हणाले, आल्पोची नजर गेली ती परत येणार नाही, आहे तेवढी टिकवू. आता कासरा साइमी धरते आणि आल्पो पहिल्या स्लेजमध्ये बसून पाहुण्यांना गोष्टी सांगतो. त्यातल्या निम्म्या थापा असतात.

मित्रांनो, मी काही शहाणा नाही. बर्फाचा संशय घ्यायला शिकलो, तो कामी आला. माणसाचा मात्र चुकीचा घेतला. तुमच्या घरातलं कोणी चाचपडायला लागलं, चहा सांडायला लागलं, विचित्र वागायला लागलं, तर माझ्यासारखे मनात संशयाचे इमले बांधू नका. जवळ जा आणि विचारा, "काय होतंय?" मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

आल्पो अजूनही रोज सकाळी माझ्यापाशी येतो. खूण बघायला हात पुढे करतो. हल्ली तो हात वीतभर चुकतो आणि हवेतच शोधत राहतो. मी इकडेतिकडे बघून घेतो, कोणी पाहत तर नाही ना. मग हळूच मान वळवतो आणि माझा कान त्याच्या बोटांखाली नेऊन ठेवतो.